नामसाधर्म्य जिवावर बेतते तेव्हा

२० डिसेंबर १९९५ ची रात्र. मायामीहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग ७५७ विमान दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, काली शहरात उतरण्याच्या तयारीत होते. विमानात १६३ जण होते. नाताळ पाच दिवसांवर आला होता आणि मायामीहून निघतानाच सुमारे दोन तासांचा उशीर झाला होता. काली शहर एका लांबट खोऱ्यात आहे आणि दोन्ही बाजूंना उंच डोंगर आहेत. तिथले रडार १९९२ मध्ये बंडखोरांनी उडवून दिले होते. त्यामुळे नियंत्रकाला विमान पडद्यावर दिसत नव्हते. वैमानिक रेडिओवरून जे सांगतील तेवढेच त्याला कळत होते.

उतरण्याच्या काही मिनिटे आधी नियंत्रकाने विचारले, वारा शांत आहे, सरळ समोरच्या बाजूने उतरता का? वेळ वाचणार होता, म्हणून वैमानिकांनी होकार दिला. या नव्या वाटेवर त्यांना 'रोझो' नावाच्या रेडिओ केंद्राकडे जायचे होते. अशी केंद्रे जमिनीवरून सतत संकेत पाठवत असतात आणि विमाने त्या संकेतांच्या रोखाने दिशा धरतात. नकाशावर रोझोची खूण 'आर' या एका अक्षराने दाखवलेली होती. विमानातील दिशादर्शक संगणकात 'आर' हे अक्षर टाइप केले गेले, पडद्यावर त्या खुणेच्या केंद्रांची यादी आली आणि यादीतले सर्वांत वरचे केंद्र निवडले गेले.

ते रोझो नव्हते. ते 'रोमिओ' होते, राजधानी बोगोटाजवळचे, २०० किलोमीटरहून अधिक दूर. दोन्ही केंद्रांची खूण 'आर'च होती. नकाशावर रोझो 'आर' या खुणेने दिसत असले, तरी संगणकाच्या साठ्यात ते पूर्ण नाव टाइप केल्यावरच सापडणार होते. नकाशा एक सांगत होता आणि संगणकाला दुसरेच ठाऊक होते.

संगणकाने हुकूम पाळला. अंधारात विमान पूर्वेकडे, डोंगरांच्या दिशेने वळले. काहीतरी चुकते आहे हे वैमानिकांच्या लक्षात यायला सुमारे एक मिनिट गेले. त्यांनी विमान पुन्हा खोऱ्याकडे वळवले, पण या सगळ्या वेळात विमान खाली उतरतच होते. जमीन जवळ आल्याचा इशारा वाजला तेव्हा त्यांनी इंजिनांना पूर्ण जोर दिला. मात्र वेग कमी करण्यासाठी पंखांवर उघडलेल्या झडपा तशाच उघड्या राहिल्या. डोंगरमाथ्याजवळ विमान आदळले. १५९ जण गेले, चौघे वाचले.

कोलंबियाच्या चौकशी अहवालाने मुख्य ठपका वैमानिकांवर ठेवला. आपण कुठे आहोत याचे भान सुटले असताना त्यांनी उतरणे थांबवले नाही, हे खरेच होते. पण नकाशा आणि संगणक यांच्यातली तफावत हेही एक कारण म्हणून अहवालात नोंदले गेले. पुढे अमेरिकेतील एका ज्युरीने २००० साली जबाबदारीची वाटणी केली: विमान कंपनी ७५ टक्के, नकाशे व माहितीसाठा तयार करणारी कंपनी १७ टक्के आणि संगणक बनवणारी कंपनी ८ टक्के. म्हणजे एक चतुर्थांश दोष कॉकपिटच्या बाहेर, टेबलावर बसून नावे आणि खुणा ठरवणाऱ्यांच्या वाट्याला आला.

सारख्या नावांमुळे होणाऱ्या चुकांबद्दल बोलताना ही वाटणी ध्यानात ठेवायला हवी. चूक उघडकीस येते ती ऐकणाऱ्याच्या किंवा टाइप करणाऱ्याच्या हातून. तिची सुरुवात मात्र पुष्कळदा नाव ठेवतानाच झालेली असते.

आकाशातली गावे

रस्त्याने जाताना गावांच्या पाट्या लागतात, तशा आकाशातल्या मार्गांवरही ठरलेल्या खुणा असतात. काही ठिकाणी जमिनीवर खरोखरचे रेडिओ केंद्र असते. बाकी बहुतेक खुणा म्हणजे नुसते अक्षांश-रेखांश. खाली समुद्र असेल, वाळवंट असेल किंवा कुणाचे शेत. अशा बिंदूंना पाच रोमन अक्षरांची नावे दिली जातात. मुंबईहून आखाती देशांकडे जाणारी विमाने अरबी समुद्रावर मुंबईचे हवाई क्षेत्र सोडून मस्कतच्या क्षेत्रात शिरतात. त्या सीमेवर 'रास्की', 'परार', 'कितल' अशी नावे असलेले बिंदू आहेत. खाली नुसते पाणी असते, पण वैमानिक आणि नियंत्रक यांच्या बोलण्यात ही नावे रोज येतात.

या नावांना अर्थ असण्याची गरज नसते. काही ठिकाणी गंमत म्हणून अर्थ घातला जातो. अमेरिकेत कॅन्सस सिटी हे शहर भाजलेल्या मांसासाठी प्रसिद्ध आहे. तिथे उतरण्याच्या मार्गावर 'स्पाइसी', 'बार्बक्यू', 'स्मोक', 'रिब्ज' असे बिंदू ठेवले गेले. हसू येते, पण ही नावे सहज लक्षात राहतात आणि एकमेकांसारखी ऐकू येत नाहीत. नावाकडून अपेक्षा असते ती एवढीच.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा म्हणजे 'आयकाओ'चा नियम असा आहे की पाच अक्षरी नाव जगात एकमेव असावे आणि ते सहज उच्चारता यावे. सव्वीस अक्षरांतून पाच अक्षरांच्या १ कोटी १८ लाख ८१ हजार ३७६ जुळण्या होतात. आकडा मोठा वाटतो, पण त्यातल्या बहुतेक जुळण्या तोंडाने म्हणताच येत नाहीत. ज्या म्हणता येतात, त्यांतल्या पुष्कळ एकमेकींच्या बहिणी असाव्यात तशा ऐकू येतात. कागदावर एक अक्षर वेगळे असले की नाव वेगळे ठरते. कानाला मात्र एक अक्षर पुरत नाही.

त्यात प्रत्येक भाषेचा कान निराळा. मराठीत 'व' एकच; इंग्रजीतले 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपण एकाच अक्षराने लिहितो आणि बहुधा एकसारखेच बोलतो. स्पॅनिश बोलणाऱ्यांना 'बी' आणि 'व्ही' सारखेच. जपानी माणसाला 'र' आणि 'ल' वेगळे काढणे अवघड जाते. अरबी भाषेत 'प' नाही. उलट 'त' आणि 'ट' यांतला फरक मराठी मूल बोलायला लागल्यापासून करते, तो इंग्रज माणसाला पटकन ऐकूही येत नाही. मुंबईतला नियंत्रक, युरोपातला वैमानिक आणि मस्कतमधला पुढचा नियंत्रक एकाच नावाचा उच्चार तीन तऱ्हांनी करणार आणि तो तीन तऱ्हांनी ऐकणार, हे गृहीत धरूनच नावे ठेवावी लागतात.

कान नव्हे, मेंदू ऐकतो

सारखी नावे धोकादायक का ठरतात, हे समजण्यासाठी ऐकण्याची क्रिया थोडी समजून घ्यायला हवी.

पहिली अडचण रेडिओची. टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पोहोचतो आणि विमानाच्या रेडिओवरचा आवाजही असाच कापलेला असतो. स्वरांचा जोर या पट्ट्यात येतो, म्हणून कुणाचा आवाज आहे, काय चालले आहे, हे कळते. पण 'स', 'फ' यांसारख्या व्यंजनांची ऊर्जा बरीचशी त्याच्या वर असते आणि ती वाटेत गळून पडते. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे. 'माती', 'पाती', 'नाती' यांत स्वर सगळे तेच, व्यंजन एकच वेगळे. ते गळले की उरते अनुमान. वय वाढते तसे ऐकणे कमी होते तेही आधी याच उंच पट्टीत. वैमानिक आणि नियंत्रक यांच्या ठरावीक काळाने होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत श्रवणाची चाचणी असते, ती यासाठीच.

दुसरी अडचण मेंदूची, आणि ती जास्त मोठी आहे. कानावर अपुरा आवाज आला तर मेंदू मोकळी जागा ठेवत नाही, तो ती भरून काढतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एक साधा प्रयोग केला. ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दातला एक ध्वनी पूर्ण काढून टाकला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्या २० जणांपैकी १९ जणांना काही गहाळ आहे हे जाणवलेच नाही. त्यांना पूर्ण शब्द ऐकू आला होता. ते खोटे बोलत नव्हते आणि त्यांचे लक्षही ढळलेले नव्हते. निरोगी मेंदू असाच चालतो. गोंगाटात गप्पा मारता येतात त्या याच गुणामुळे.

हाच गुण कॉकपिटमध्ये अंगाशी येतो. मेंदू रिकामी जागा भरतो ती अपेक्षेने. वैमानिक रोज ज्या बिंदूवरून जातो, त्याच्याशी मिळतेजुळते नाव कानावर पडले तर त्याला रोजचेच नाव ऐकू येईल. 'नीट ऐकले का?' असे विचारले तर तो मनापासून 'हो' म्हणेल, कारण त्याच्या दृष्टीने ते नीटच ऐकले गेले आहे. म्हणून 'जास्त लक्ष द्या' या सूचनेचा इथे फारसा उपयोग होत नाही. लक्ष दिल्याने अपेक्षा पुसली जात नाही.

तिसरी अडचण स्मरणाची. सूचना ऐकल्यापासून ती अमलात येईपर्यंत काही सेकंद मनात धरून ठेवावी लागते. आपण ती मनातल्या मनात पुटपुटत धरतो, म्हणजे आवाजाच्या रूपात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली यांनी १९६६ मध्ये लोकांना पाच-पाच लहान शब्दांच्या याद्या लक्षात ठेवायला दिल्या. शब्द वेगवेगळ्या आवाजांचे होते तेव्हा दहापैकी आठ वेळा क्रम बरोबर सांगितला गेला. 'मॅन, मॅट, कॅप' अशा सारख्या आवाजांचे शब्द होते तेव्हा दहापैकी जेमतेम एकदा. त्याआधी १९६४ मध्ये आर. कॉनराड यांनी दाखवून दिले होते की अक्षरे डोळ्यांनी वाचली तरी आठवताना होणाऱ्या चुका आवाजाच्या असतात. 'व्ही' वाचलेला माणूस 'बी' वाचल्याचे सांगतो. वाचलेलेही आपण मनात ऐकूनच साठवतो.

या शेवटच्या निष्कर्षाला आज वेगळे महत्त्व आले आहे. समुद्रावरच्या मार्गांवर, भारतालगतच्या समुद्रावरही, नियंत्रक आणि विमान यांच्यात लेखी संदेशांची सोय आहे. त्यामुळे रेडिओची खरखर टळते आणि हा मोठाच फायदा आहे. पण लेखी आले म्हणजे सारख्या नावांचा धोका संपला, असे होत नाही. कालीच्या अपघातात नियंत्रकाने सांगितलेले नाव वैमानिकांनी बरोबर ऐकले होते. गफलत झाली ती संगणकाच्या पडद्यावर. आणखी एक योग असा, की रेडिओवर अक्षरे सांगण्याच्या पद्धतीत 'आर' या अक्षराचे नावच 'रोमिओ' आहे.

'टू' म्हणजे दोन की 'पर्यंत'?

१९ फेब्रुवारी १९८९ रोजी सिंगापूरहून निघालेले फ्लाइंग टायगर कंपनीचे मालवाहू बोइंग ७४७ विमान क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळावर उतरत होते. तिथे 'केएल' असा उच्चार होणारी एकाहून अधिक ठिकाणे होती. नियंत्रक शहरालाही 'के-एल' म्हणत आणि रेडिओ केंद्राचे नावही 'केएल' असेच ऐकू येई. आपल्याला नेमके कोणत्या 'केएल'कडे जायचे आहे, याबद्दल विमानात चर्चा चालली होती.

त्यातच नियंत्रकाने उंची सांगितली. त्याला म्हणायचे होते, २,४०० फुटांपर्यंत खाली या. त्याने इंग्रजीत आकडे सुटे उच्चारले: 'डिसेंड टू फोर झिरो झिरो'. यातला 'टू' म्हणजे दोन. वैमानिकांना तो 'पर्यंत' या अर्थाचा 'टू' वाटला, म्हणजे ४०० फुटांपर्यंत. 'ओके, फोर झिरो झिरो' असे उत्तर गेले. नियंत्रकाने ते ऐकले, पण त्यातला फरक त्याच्या लक्षात आला नाही. विमानातला जमिनीचा इशाराही वाजला, तो दुर्लक्षित राहिला. धावपट्टीच्या अलीकडच्या टेकडीवर विमान आदळले आणि चौघेही कर्मचारी मरण पावले.

त्या उत्तरात बचावाची संधी होती. वैमानिकाने सूचना आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायची आणि नियंत्रकाने ती ऐकून पडताळायची, या पद्धतीला 'रीडबॅक' म्हणतात. हवाई वाहतुकीतला हा सर्वांत स्वस्त सुरक्षा उपाय आहे आणि रोज तो असंख्य चुका पकडतो. पण त्यालाही मेंदूची तीच मर्यादा लागू आहे. आपण नुकतेच बोललेले वाक्य परत येणार, अशी नियंत्रकाची अपेक्षा असते आणि अपेक्षेप्रमाणेच ते ऐकू येते. म्हणून रीडबॅक हा शेवटचा बांध समजायचा. त्याच्या आधीचे बांध भक्कम हवेत.

कालीच्या वेळी आणखी एक बांध तुटलेला होता. तिथल्या नियंत्रकाचे इंग्रजी ठरावीक वाक्यांपुरते होते. वैमानिकांच्या विचारण्यात मेळ नाही, असे त्याला वाटले होते. समोर स्पॅनिश बोलणारे वैमानिक असते तर आपण तसे विचारले असते, असे त्याने नंतर चौकशीत सांगितले. आता आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरील वैमानिकांना आणि ती हाताळणाऱ्या नियंत्रकांना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि सहापैकी किमान चौथी पायरी गाठावी लागते. शंका मोकळेपणाने विचारता येणे, हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे.

शब्दांचीही साफसफाई

हवाई वाहतुकीने धडे घेतले, ते मुख्यतः शब्द बदलून.

आपण फोनवर आडनाव सांगताना 'ब बदकाचा', 'ग गणपतीचा' म्हणतो. विमान वाहतुकीत 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' ही माला १९५६ पासून आजच्या रूपात वापरात आहे. ती ठरवण्याआधी ३१ देशांच्या नागरिकांवर शब्दांची चाचणी घेतली गेली. आकड्यांचेही उच्चार बदलले. 'नाइन'ला 'नायनर' म्हणतात, कारण 'फाइव्ह' आणि 'नाइन' खरखरीत सारखे ऐकू येतात आणि जर्मन भाषेत 'नाइन' म्हणजे 'नाही'. 'फाइव्ह'चे 'फाइफ' झाले, 'थ्री'चे 'ट्री'.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ जण मृत्युमुखी पडले. परवानगी मिळाली नसताना एका विमानाने उड्डाण सुरू केले होते आणि त्याआधीच्या संभाषणात 'टेकऑफ' हा शब्द दोन्ही बाजूंनी आला होता. त्यानंतर नियम झाला की हा शब्द फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना, किंवा ती रद्द करताना, वापरायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचे. नियंत्रक एक शब्द जपून ठेवतात आणि त्यामुळे तो ऐकल्यावर दुसरा अर्थ निघत नाही.

उड्डाण क्रमांकांचेही तसेच. समजा एकाच कंपनीची ४३५ आणि ४५३ क्रमांकांची विमाने एकाच वेळी एकाच नियंत्रकाकडे आली, तर एकाला दिलेली सूचना दुसरा घेऊ शकतो. युरोपात 'युरोकंट्रोल' ही संस्था कंपन्यांची वेळापत्रके आधीच तपासून असे जोड शोधते आणि रेडिओवरची नावे बदलून घेते. नव्या बिंदूला नाव देतानाही सारख्या उच्चाराचे नाव जवळपास आहे का, हे आयकाओच्या संगणकीय यादीत पाहता येते.

हे जोड सापडतात ते चुकता चुकता वाचलेल्यांनी सांगितल्यामुळे. त्यामागेही एक अपघात आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगरावर आदळले आणि ९२ जण गेले. नियंत्रकाच्या एका वाक्याचा वैमानिकांनी 'आता खाली उतरा' असा अर्थ घेतला होता. चौकशीत उघड झाले की सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे विमान याच ठिकाणी, याच गैरसमजातून, थोडक्यात वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, पण बाहेर कुणाला कळवण्याची सोयच नव्हती. त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत 'नासा'कडे गोपनीय नोंदींची व्यवस्था सुरू झाली. आपली चूक तिथे कळवणाऱ्याचे नाव उघड होत नाही. शिक्षेची भीती असती तर सारख्या नावांच्या किती जोड्या मनातच राहिल्या असत्या, याचा विचार करावा.

औषधांच्या फडताळात

हे सगळे रुग्णालयात काम करणाऱ्या कुणालाही ओळखीचे वाटेल. रात्रपाळी, गोंगाट, तीन कामे एकदम, फोनवरून घाईत सांगितलेले औषध आणि एका अक्षराने वेगळी असलेली दोन नावे. एकाच वॉर्डात पाटील आडनावाचे दोन रुग्ण शेजारी असणे महाराष्ट्रात नवे नाही.

लघवी वाढवणारे 'लॅसिक्स' हे औषध आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. आम्लपित्तावरचे ओमेप्राझोल अमेरिकेत आले तेव्हा त्याचे नाव 'लोसेक' होते. या दोन नावांत गफलती होऊ लागल्या आणि १९९० मध्ये 'लोसेक'चे नाव तिथे 'प्रायलोसेक' करावे लागले. वैद्यकात अशा जोड्यांना 'लासा' म्हणतात: दिसायला किंवा ऐकायला सारखी औषधे. 'हायड्रॉक्सिझिन' हे ॲलर्जीसाठी, 'हायड्रॅलझिन' हे रक्तदाबासाठी. अशी नावे रोमन लिपीत छापताना फरकाची अक्षरे मोठी छापण्याची पद्धत आहे, म्हणजे डोळा तिथेच थांबतो. रुग्णालयांच्या मानांकनासाठी असलेल्या 'एनएबीएच'च्या निकषांनुसार अशा औषधांची यादी ठेवावी लागते आणि ती वेगवेगळ्या जागी साठवावी लागतात.

भारतात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला. 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या मलेरियावरच्या दोन औषधांच्या वादात न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केले की औषधांच्या नावांत साधर्म्य पाहताना इतर मालापेक्षा कडक कसोटी लावली पाहिजे, कारण इथे गोंधळ झाला तर जीव जाऊ शकतो. २०१९ मध्ये औषध नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार परवाना मागणाऱ्या कंपनीला आपले ब्रँडनाव बाजारातल्या दुसऱ्या नावाशी गोंधळ करणारे नाही, असे हमीपत्र द्यावे लागते. आकाशातल्या नावांसाठी एक जागतिक यादी आहे आणि नवे नाव तिथे तपासले जाते. औषधाच्या नावाबाबत मात्र बरीचशी भिस्त अजून कंपनीच्या शब्दावर आहे.

आपल्या हातात काय?

नावे बदलणे सामान्य माणसाच्या हातात नाही. रीडबॅक मात्र आहे. त्यासाठी परवाना लागत नाही.

औषधाच्या दुकानात चिठ्ठी नुसती पुढे करू नये. औषध हातात आल्यावर पाकिटावरचे नाव चिठ्ठीवरच्या नावाशी अक्षर-अक्षर लावून पाहावे. ब्रँडबरोबर मूळ औषधाचे नावही छापलेले असते, तेही पाहावे. दोन ब्रँड दिसायला सारखे असले तरी मूळ औषधांची नावे सहसा वेगळी असतात. 'हे कशासाठी आहे?' एवढा एक प्रश्न औषध देणाऱ्याला विचारावा. रक्तदाबाचे औषध आणायला गेलेल्याला 'ॲलर्जीचे आहे' असे उत्तर मिळाले, तर चूक तिथेच पकडली जाते. कारण नाव सारखे असले तरी उपयोग सारखा नसतो. फोनवर डॉक्टरांनी औषध सांगितले तर ते लिहून घ्यावे आणि लिहिलेले परत वाचून दाखवावे. मात्रा सांगताना इंग्रजीतले 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' फार जवळचे आहेत. 'एक-पाच' की 'पाच-शून्य', असे सुटे आकडे विचारावेत. रुग्णालयात कुणी आडनावाने हाक मारली तर पूर्ण नाव आणि वय सांगावे, आणि परिचारिकेने तेच तिसऱ्यांदा विचारले तर चिडू नये.

डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते यांच्यासाठीही गोष्ट तीच आहे. रुग्णाचा किंवा नातेवाइकाचा प्रश्न हा अविश्वास नसतो. कालीच्या नियंत्रकाला जे विचारावेसे वाटूनही विचारता आले नाही, ते विचारणारा माणूस समोर आहे, असे समजावे. आणि दोन सारख्या नावांमुळे चूक होता होता राहिली, तर 'वाचलो' म्हणून गप्प न बसता ती जोडी लिहून ठेवावी, विभागात सांगावी. पुढच्या पाळीला येणाऱ्याला ती माहीत नसते.